जुन्या गाडीचा हिशेब वहीत हवा

व्यापाऱ्याच्या दारात जुनी गाडी उभी असली की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, भंगारात घाला, बाजारात इज्जत जाते. दुसरा म्हणतो, असा माल आता मिळत नाही, जिवापाड जपा. दोघेही भावनेने बोलतात. आपण कापडाचा तागा भावनेने खरेदी करत नाही. सूत पाहतो, पन्हा मोजतो, मग भाव करतो. गाडीलाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे.

जुनी गाडी म्हटली की आपल्याकडे दोन नावे पुढे येतात. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत निघत असलेली अ‍ॅम्बेसेडर. पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत धावली. रोज दोन पाळ्यांत राबणारी गाडी एवढी टिकली, कारण तिची रचना साधी होती. गल्लीतला मिस्त्री पान्हा घेऊन ती उघडू शकत होता आणि पुन्हा बसवू शकत होता.

गाडी किती चालू शकते, याचे जगातले मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. आयर्व्ह गॉर्डन नावाच्या एका शिक्षकाने १९६६ साली व्होल्वो कंपनीची गाडी घेतली आणि २०१३ साली तिच्यावर तीस लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्याचे गुपित काय? कंपनीने दिलेल्या पुस्तिकेप्रमाणे वेळच्या वेळी तेल बदलणे आणि लहान आवाजाकडे मोठा होण्यापूर्वी लक्ष देणे. मालेगाव-भिवंडीत जुने माग वर्षानुवर्षे कसे चालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

मात्र मीटरचा आकडा पाहून गाडीची पारख करू नये. जुन्या मीटरला बहुधा पाचच आकडे असतात. लाख पूर्ण झाले की ते पुन्हा शून्यावर येते. पारख करायची तर धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. नंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. एखाद्यात कमी भरले तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा दोष. या एका तपासणीने मोठा खर्च निघणार की लहान, हे आधी कळते.

इंजिन खराब झाले तर बोअरिंग करून, मोठ्या मापाचे पिस्टन टाकून नवा जन्म देता येतो. पत्र्याचे तसे नाही. पद्मिनीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. खालची जमीन आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या तर वरून कितीही चकचकीत रंग मारा, गाडी आतून पोकळच. म्हणून कोकणाच्या पावसात राहिलेली गाडी घेताना आधी चटई उचलून पाहावी.

आता पेट्रोलही बदलले आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर मऊ करते. नव्या गाडीचा संगणक मिश्रण आपोआप जुळवून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही, त्याचे जेट हाताने जुळवावे लागते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्याव्यात. फुटलेल्या नळीतून गळणाऱ्या पेट्रोलने आग लागते, इथे काटकसर करू नये. टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करणेही वाईट.

सरकारी खर्चही वहीत धरावा. खासगी गाडीची १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये झाले. पन्नास वर्षांवरील गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, परंतु मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही.

आता दुसऱ्या पानावर नव्या गाडीचा हिशेब मांडू. समजा आठ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १२,९०० रुपये पडतो आणि एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या वर जाते. उधारी अडकलेली असो वा सीझन मंद असो, हप्ता थांबत नाही. जुन्या गाडीवर वर्षाला साठ हजार खर्च झाले, तरी महिन्याला पाच हजारच पडतात आणि तो खर्च काही दिवस पुढे ढकलता येतो.

तरीही एक बाजू लपवून चालणार नाही. जुनी गाडी पेट्रोल जास्त पिते. तिच्यात एअरबॅग नाही, आजच्यासारखे ब्रेक नाहीत. मुलाबाळांना घेऊन रात्री महामार्गाने जायचे असेल तर पैसे वाचले, असे मी म्हणणार नाही. जुनी गाडी गावातल्या कामाला ठेवावी, लांबच्या प्रवासाला रेल्वे किंवा भाड्याची नवी गाडी करावी.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही गाडी ज्या हातांनी चालते ते हात कमी होत आहेत. कार्बोरेटर कानाने जुळवणारा मिस्त्री, पत्रा ठोकून मूळ आकारात आणणारा डेंटर, जुनी सीट शिवणारा कारागीर. यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे शागीर्द आज मोबाइल दुरुस्तीकडे वळत आहेत. आपण शोरूममध्ये छापील बिल मुकाट्याने भरतो आणि गॅरेजमध्ये उस्तादाशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. मग हा हुनर टिकणार कसा?

कारागीर बांधवांनाही सांगणे आहे. केलेल्या कामाची लेखी पावती द्या, काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवा, दिलेली तारीख पाळा. व्यापारी भरवशाला पैसे देतो. आणि व्यापारी बांधवांनी एक वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च त्यात लिहावा. वर्षाअखेरीस गाडी ठेवायची की विकायची, हे ती वहीच सांगेल.