तराजू कोणाच्या हाती?

आठवडी बाजारात कांदे तोलणाऱ्या म्हातारीच्या तराजूवर सरकारी शिक्का असावा लागतो. वैधमापन खात्याचा निरीक्षक ठराविक मुदतीने येतो, वजने पडताळतो आणि शिक्का नसेल तर खटला भरतो. म्हातारीने किलोमागे पन्नास ग्रॅम मारले तर तो गुन्हा ठरतो, आणि तो ठरलाच पाहिजे. परंतु याच देशातली कोट्यवधी कुटुंबे आज ज्या तराजूवर माल पारखून घेतात त्याला मात्र ना शिक्का आहे, ना निरीक्षक. मोबाईलच्या पडद्यावर उमटणारी वस्तूंची यादी हाच तो तराजू होय.

या यादीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. ग्राहक आता खऱ्या अर्थाने राजा झाला, असे ते सांगतात. पूर्वी प्रेशर कुकर घ्यायचा तर तालुक्याच्या बाजारातली दोन-तीन दुकाने पालथी घालावी लागत. आज घरबसल्या शेकडो कुकर समोर उभे राहतात, भाव दिसतो, आधी घेतलेल्यांचे अभिप्राय दिसतात आणि अंगठ्याच्या हालचालीसरशी तुलना पुरी होते. या विचाराला पांडित्याचा आधारही आहे. एकाच वस्तूचे बाजारात निरनिराळे भाव टिकून राहतात याचे एक मोठे कारण ग्राहकाला शोधासाठी पडणारा खर्च हे आहे, असे जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले. त्यावरून पुढच्यांनी सोयीस्कर निष्कर्ष काढला की, शोधाचा खर्च नाहीसा झाला म्हणजे बाजार आपोआप न्यायी होईल. वस्तुतः तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो ग्राहकाकडून विक्रेत्याकडे गेला आणि तेथून किमतीत मिसळून पुन्हा ग्राहकाकडेच परत आला आहे.

ग्राहक ‘कुकर’ हा शब्द लिहितो त्याच क्षणी पडद्यावरच्या मोक्याच्या जागांचा लिलाव होतो. कोणता विक्रेता त्या जागेसाठी किती मोजायला तयार आहे यावर कोणता कुकर आधी दिसेल हे बऱ्याच अंशी ठरते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. किती जण ते वाचतात हा प्रश्न वेगळा. एकट्या ॲमेझॉनला २०२४ साली जगभरातून जाहिरातींपासून मिळालेले उत्पन्न ५६ अब्ज डॉलरांहून अधिक होते. दर्शनी फळीचे हे भाडे विक्रेता आपल्या पदरचे भरतो, असे मानण्याइतका भाबडा ग्राहक आज उरलेला नसावा.

गंमत अशी की, ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती हा धंदा उभारणाऱ्यांनीच. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ साली लिहिलेल्या निबंधात स्पष्ट म्हटले होते की, जाहिरातींवर पोसली जाणारी शोधयंत्रणा स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांनी स्वतःच जाहिरातींवर साम्राज्य उभे केले. त्या साम्राज्याला युरोपीय आयोगाने २०१७ साली २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. वस्तूंच्या किमतींची तुलना करून देणाऱ्या स्वतःच्या सेवेला गूगलने वरची जागा दिली आणि प्रतिस्पर्धी सेवांना खाली ढकलले, हा तो अपराध. अग्रगण्य प्रतिस्पर्धीदेखील सरासरीने चौथ्या पानावर सापडत होता, असे आयोगाला आढळले. पहिल्या पानावरच्या दहा दुव्यांकडे सुमारे ९५ टक्के लोक वळतात आणि दुसऱ्या पानाच्या पहिल्या दुव्याकडे जेमतेम एक टक्का, हेही आयोगानेच नोंदवले. चौथे पान म्हणजे हद्दपारीच. हा दंड २०२४ साली युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठानेही कायम केला. भारतात जयपूरच्या ‘कट्स’ या ग्राहकसंस्थेने आणि एका विवाहजुळणी कंपनीने २०१२ साली केलेल्या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाने २०१८ साली याच गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. विमानप्रवासाच्या शोधात स्वतःच्या सेवेला ठळक जागा देणे हा त्यातला एक ठपका होता. गूगलने त्यावर अपील केले.

आता कुकरकडे परत येऊ. घरगुती प्रेशर कुकरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. कारण उघड आहे: सदोष कुकर फुटतो आणि चुलीपाशी उभी असलेली बाई भाजते. तरीही ही खूण नसलेले २,२६५ कुकर ॲमेझॉनवरून विकले गेल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या चौकशीत निघाले. या विक्रीवर कंपनीला मिळालेले शुल्क ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने केलेला दंड एक लाख रुपये. फ्लिपकार्टवरून विकले गेलेले असे कुकर ५९८. दंड तोच, एक लाख. कुकर परत घ्या आणि ग्राहकांचे पैसे द्या, असेही आदेशात होते. ॲमेझॉनने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. आपण केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देतो, हा या धंद्याचा ठरलेला बचाव आहे. प्रत्येक विक्रीतून जो कमावतो त्याला मालाच्या दोषापासून अंग काढून घेता येणार नाही, हे प्राधिकरणाने ठणकावले ते योग्यच झाले. पण सहा लाख कमावून एक लाख भरणाऱ्याला शिक्षा झाली असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

या प्रकरणात दंडाहून महत्त्वाची एक बाब आहे. ज्यांनी हे कुकर घेतले त्यांनीही तुलना केलीच असणार. भाव पाहिला असेल, तारे मोजले असतील, किती दिवसांत घरपोच येईल हे पाहिले असेल. या सगळ्या तुलनेत जी एक गोष्ट जिवाशी संबंधित होती तिला निकषांत स्थान होते कुठे? कशाची तुलना करायची हे यादी मांडणारा ठरवतो. ग्राहकाला स्वातंत्र्य उरते ते त्याने आखून दिलेल्या रकान्यांत बोट फिरवण्याचे. खोडून दाखवलेल्या किमतीचेही तसेच. कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती कायद्याने केली ती त्याहून जास्त कोणी उकळू नये म्हणून. ती किंमत उत्पादक स्वतःच ठरवतो. मग आकडा फुगवून छापायचा, त्यावर आडवी रेघ ओढायची आणि ‘साठ टक्के सूट’ म्हणून डांगोरा पिटायचा, ही चाल कोणालाही जमते. ग्राहकाच्या रक्षणासाठी आणलेली मर्यादा त्याला भुलवण्याच्या कामी येते आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. कोपऱ्यावरचा वाणी साधुसंत नव्हता. भेसळ त्याने केली, टंचाईत साखर त्याने दडवली, उधारीच्या वहीत आकडे त्याने वाढवले. पैसे हाताने न घेता ओट्यावर ठेवायला लावणारे दुकानदार ज्या गावांत होते तेथल्या दलित गिऱ्हाइकाला, नाव-गाव न विचारता घरपोच येणारी वस्तू हा मोठाच दिलासा आहे, आणि शहरात बसून जुन्या दुकानाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तो विसरू नये. प्रश्न जुन्या बाजाराकडे परतण्याचा नाहीच.

प्रश्न आहे तो ग्राहक एकटा पडल्याचा. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा तेलाचा आणि धान्याचा भाव ही साऱ्या वस्तीची समान तक्रार होती. दुकानाबाहेरची पाटी सगळ्यांना एकच दिसे. आज शेजारी राहणाऱ्या दोघींना एकाच शब्दाच्या शोधात निराळ्या याद्या दिसू शकतात. पूर्वीच्या खरेदीवरून, ठिकाणावरून, सवयींवरून यादीचा क्रम बदलतो. पाटीच एक नसेल तर मोर्चा कशावर न्यायचा? फसगत झालीच तर ती व्यक्तीची चूक ठरते: तिने नीट वाचले नाही, तिने अभिप्राय पाहिले नाहीत.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार यादीतला क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर ठरतो हे सोप्या भाषेत सांगणे बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. कंपन्या ते सांगतात, पण कोठल्या तरी तळघरात, चार मोघम वाक्यांत. आणि सांगितले ते खरे की खोटे हे पडताळणारा कोणी नाही. २०२२ साली मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढले, ते ऐच्छिक. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, छुपी जाहिरात यांसारख्या तेरा क्लृप्त्या निषिद्ध ठरवल्या. ते उत्तमच, पण क्रमाच्या विक्रीला हात लागला नाही. तो लावता येत नाही असे म्हणावे तर विम्याचे उदाहरण समोर आहे. विमा योजनांची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांसाठी विमा नियामकाने २०१७ साली केलेल्या नियमांनी प्रतवारी, क्रमवारी आणि ‘सर्वाधिक खपाची योजना’ असले शिक्के दाखवण्यास मनाई केली होती. तुलना दाखवणारा विकणाऱ्याच्या पैशावर जगत असेल तर त्याने क्रम लावू नये, हे तत्त्व सरकारला विम्यात समजते आणि कुकरात समजत नाही!

क्रम लावणारा कोणी तरी लागणारच; शेकडो कुकरांची परीक्षा एकट्या बाईने कशी घ्यावी? पण हे काम विक्रेत्याच्या पैशाशिवाय होऊ शकते याचे दाखले जुने आहेत. ब्रिटनच्या मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा लिहिणाऱ्या मायकेल यंग यांनी १९५७ साली लंडनच्या बेथनल ग्रीन वस्तीतल्या एका गॅरेजातून ‘विच?’ हे मासिक सुरू केले; त्यात जाहिरात नाही, वस्तू बाजारातून विकत घेऊन तपासायची आणि निकाल छापायचा. पश्चिम जर्मनीत १९६४ साली संसदेच्या ठरावाने वस्तुपरीक्षणाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, ती आजही चालू आहे. इकडे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ बांधले, महिन्याची मागणी एकत्र केली, माल घाऊक घेतला आणि सभासदांनीच तो वाटून घेतला. अहमदाबादच्या ग्राहकसंस्थेने स्वतःची प्रयोगशाळा उभारून तुलनात्मक चाचण्या केल्या. या संस्था लहान राहिल्या, कारण त्यांच्यामागे ना जाहिरातदार होता ना सरकार.

ग्राहक कल्याण निधी गेली तीस वर्षे केंद्राच्या हाती आहे. त्यातून अशा प्रयोगशाळा प्रत्येक विभागात निघू शकतात आणि त्यांचे निकाल यादीत प्रत्येक वस्तूशेजारी दाखवणे कंपन्यांना बंधनकारक करता येते. मानकाची खूण सक्तीची असलेली वस्तू त्या खुणेवाचून यादीत येताच कामा नये. येईल तर दंड मिळालेल्या शुल्काच्या पटीत हवा. आणि वैधमापन कायद्यात एका कलमाची भर घालून क्रम लावणारी यंत्रणा उघडून पाहण्याचा अधिकार निरीक्षकाला द्यावा लागेल. आज तो म्हातारीच्या तराजूपाशी येऊन थांबतो.