देश ओळखण्याचे शिक्षण



मागील महिन्यात बोईसरचे एक स्नेही भेटीस आले. तारापूर औद्योगिक वसाहतीत त्यांचा रंगरसायनांचा लहानसा कारखाना आहे. माल मोंबासापर्यंत जातो. सोबत कन्या होती. राज्यशास्त्रात पदवी घेतलेल्या या मुलीला आफ्रिका या विषयात एम.ए. करावयाचे आहे. "भाऊ, एमबीए केले असते तर पेढीला उपयोग झाला असता. हे शिकून काय करणार?" असा वडिलांचा प्रश्न होता.

उत्तर मुलीनेच दिले. "पप्पा, २०१७ साली मोंबासाच्या व्यापाऱ्याचे पैसे थकले आणि तुम्ही जुना व्यवहार तोडलात. त्याच सप्टेंबरात केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवली होती. ऑक्टोबरात फेरमतदान झाले. तोवर सारा बाजार मंदावला होता. माणूस लबाड नसेलही. देशच थबकला होता."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

एका भूभागाची भाषा, इतिहास, राजकारण आणि अर्थकारण यांचा एकत्र अभ्यास म्हणजे प्रदेश-अध्ययन. लंडनमध्ये १९१६ साली यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, ती मुख्यतः साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्यांना पूर्वेकडील भाषा शिकविण्यासाठी. अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने अशा केंद्रांना सरकारी निधी दिला. राज्यकर्त्यांना या ज्ञानाचे मोल कळले. व्यापाऱ्याला तर ते आधीपासून ठाऊक असावयास हवे. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तेथे सापडले आहेत. त्या बंदरातून समुद्रापार जाणारा व्यापारी परमुलखाची बोली, रीत आणि राजाचा स्वभाव जाणूनच गलबतात माल भरीत असेल.

आता प्रश्न निवडीचा. संस्थेचे नाव पाहण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली भाषा. पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली, मोझांबिकसाठी पोर्तुगीज, सेनेगलसाठी फ्रेंच. जेथे भाषा बोलण्या-वाचण्याइतकी शिकविली जात नाही, तेथील पदवी अर्धीच समजावी. भाषेची सोय नसेल, तर ती अन्यत्र शिकण्याची तयारी हवी. दुसरी गोष्ट मूळ विद्याशाखा. इतिहास, अर्थशास्त्र की राज्यशास्त्र, यांपैकी एकात पाया पक्का होतो का? तिसरी गोष्ट अध्यापक आणि ग्रंथालय. मार्गदर्शकाने त्या देशात किती काळ काम केले, हे निःसंकोच विचारावे. चौथी गोष्ट आधीचे विद्यार्थी. ते आज कोठे आहेत, ही चौकशी माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगते. नोकरीची हमी ही पदवी देत नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

जवळचा पर्याय मुंबई विद्यापीठाचे कलिना येथील आफ्रिकन अध्ययन केंद्र. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अध्ययन शाखा आहे. तिची मूळ संस्था १९५५ सालची. दोन्ही ठिकाणी सध्या कोणते अभ्यासक्रम चालू आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बोईसरहून रोज सांताक्रूझपर्यंत लोकलने येणे-जाणे दमवणारे आहे; म्हणून वसतिगृहाचा खर्चही आधीच मांडावा. आपल्या घरांत राहण्याची आणि आहाराची चिंता प्रथम येते. ती रास्त आहे, परंतु तिच्यावर सोय शोधता येते. चुकीच्या अभ्यासक्रमात गेलेली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत.

पुढील आठवड्यात बापलेक दोघे कलिनाला जाऊन आले. प्रवेशाचा निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु परवा स्नेह्यांचा दूरध्वनी आला. म्हणाले, "भाऊ, मोंबासाच्या त्या व्यापाऱ्याला पत्र टाकले. मजकूर मुलीने लिहिला, सही माझी."