चिमूटभर मिठाचं काम

मैत्रिणींनो, सिनेमातल्या नायक-नायिकांबद्दल आपण भरभरून बोलतो. आपल्या खान्देशात तर स्मिता पाटीलचं नाव निघालं की "शिरपूरच्या पाटलांची लेक" हे कुणीतरी अभिमानानं सांगतंच. पण दोन मिनिटं पडद्यावर येऊन जाणाऱ्या माणसांची आठवण कोण ठेवतो? आज अशाच एका नटाबद्दल लिहायचं ठरवलं आहे. विजू खोटे, म्हणजे 'शोले'तला कालिया.

खरं तर घराणं मोठं. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट. नात्यानं काकू म्हणजे दुर्गा खोटे. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'तल्या तारामती त्याच, आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांनाच. सख्खी बहीण शुभा खोटे. १९५५ सालच्या 'सीमा'त भरधाव सायकल चालवणारी ती मुलगी आठवते ना? त्या खरोखरच सायकल शर्यतीतल्या विजेत्या होत्या. अशा घरात १९४१ साली जन्मलेल्या विजूंच्या वाट्याला मात्र आल्या छोट्या छोट्या भूमिका. त्या त्यांनी तीनशेच्या वर सिनेमांतून केल्या.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. २०२५ साली त्याला पन्नास वर्षं झाली. कालिया दोन साथीदारांना घेऊन रामगढला धान्य वसूल करायला जातो, तिथून हात हलवत परत येतो आणि गब्बरपुढे उभा राहतो. एवढंच त्याचं काम. पण जरा विचार करून पाहा. अमजद खान तेव्हा प्रेक्षकांना जवळजवळ अनोळखी होता. गब्बरला आपण पहिल्यांदा पाहतो तो याच प्रसंगात. तो किती भयंकर आहे हे कळायचं कशावरून? कालियाच्या चेहऱ्यावरून! घोड्यावरून गावात मिजाशीत आलेला हाच माणूस सरदारापुढे थरथरतो, आपण खाल्लेल्या मिठाची आठवण देतो, तेव्हा आपल्याही पोटात गोळा येतो. कालिया घाबरलाच नसता तर गब्बर नुसता आरडाओरडा करणारा एक दाढीवाला ठरला असता.

आणि गंमत म्हणजे ही भूमिका नुसती पाहिली गेली नाही, ती ऐकलीही गेली. 'शोले'च्या गाण्यांसारखीच त्याच्या संवादांचीही ध्वनिमुद्रिका निघाली होती. गणपतीच्या मांडवात नि लग्नाच्या घरी कर्ण्यावर ती वाजायची. सिनेमा न पाहिलेल्या पोरांनाही कालियाचं बोलणं पाठ! १९९४ सालच्या 'अंदाज अपना अपना'तल्या रॉबर्टचंही तसंच झालं. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही; पुढे टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागला, आणि चुकीला इंग्रजी नि हिंदी अशी दोन्ही नावं एकदमच लावणारा तो रॉबर्ट घराघरांत पोचला. दूरदर्शनवरच्या 'जबान संभाल के' मालिकेत हिंदी शिकायला येणारे मराठी विठ्ठल बापूराव पोटे तेच. 'अशी ही बनवाबनवी'त तेच, आणि २०१० सालच्या 'गोलमाल ३'मध्येही तेच.

आता हे सगळं आजच का आठवलं, तर शाळेच्या गॅदरिंगमुळे. मी तासिकेवर शिकवते. म्हणजे घंटा झाली की वर्गात, घंटा झाली की घरी. नाटक बसवायचं काम माझ्याकडे आलं. एका मुलीला आत येऊन चिठ्ठी द्यायची आणि एक वाक्य बोलायचं, इतकंच होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात हजर. "मॅडम, आमच्या पोरीला एकच वाक्य? तेबी मोलकरणीचं? नाही करणार ती."

दोन दिवस मुलगी तालमीला आली नाही, आणि नाटक तिथंच अडलं. चिठ्ठीच येईना, तर राजाला कळणार काय? शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. त्या वांगी भाजत होत्या, भरीत चाललं होतं. मी विचारलं, "ताई, शोले पाहिलाय?" म्हणाल्या, "पाहिलाय काय, पाठ आहे!" "मग कालियाला वाक्यं किती?" त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि एक हात पुरा व्हायच्या आधीच हसू लागल्या. "कमीच की वो!" मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, मला वाईट वाक्याचं नाही वाटलं. घरात मी दिवसभर राबते नि कुणी विचारलं तर पोरगी सांगते, आई काही करत नाही. तिनं पण असंच मागं राहायचं का?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण त्यांचं दुखणं खरं होतं. छोटं काम मनानं करावं हे जितकं खरं, तितकंच ते कुणीतरी मोजावं हेही खरं. भरीत कितीही छान भाजलं, तरी चिमूटभर मिठाशिवाय ते घशाखाली उतरत नाही. पण जेवताना मिठाचं कौतुक कुणी केलंय? ते कमी पडलं की मात्र सगळ्यांना कळतं!

मुलगी तालमीला येऊ लागली. मीही एक केलं. कार्यक्रमपत्रिकेत फक्त राजा-राणीची नावं द्यायची पद्धत होती, ती बदलून पडदा ओढणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांची नावं छापून घेतली.

विजू खोटे ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत गेले, वयाच्या ७७ व्या वर्षी. बातमीत त्यांच्या नावाआधी 'कालिया' होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची काही मिनिटांची भूमिका!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा शेवटची नावं सरकताना लगेच उठू नका. आणि घरी मुलांनी "आई काही करत नाही" म्हटलं, तर रागावू नका. एक दिवस त्यांच्याकडूनच तुमच्या कामांची यादी लिहून घ्या. कागद पुरणार नाही, बघाच.