ऑमलेट, टेबल आणि पिस्तूल

ओट्यावर अंडी, चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि हॅमचे तुकडे मांडून ठेवले, तर त्याला ऑमलेट म्हणायचं का? हा प्रश्न बॅचलर्सच्या रूमवरचा नाही, बॉस. ८ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी तो भर सुनावणीत विचारला. आणि केस होती बंदुकांची!

सरकारी वकील बाई म्हणाल्या, नाही, कारण त्या सामानाचं दुसरंही बरंच काही करता येतं. मग न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विचारलं, पण हेच सामान एका डिशचं किट म्हणून बॉक्समधून घरी आलं तर? तर मात्र उत्तर बदलतं, असं वकील बाईंचं म्हणणं. सगळी केस त्या बॉक्सचीच होती.

मामला असा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार बंदुका बनवून विकणाऱ्याला लायसन्स लागतं, प्रत्येक बंदुकीवर सिरियल नंबर घालावा लागतो, रेकॉर्ड ठेवावं लागतं. दुकानात गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते. गुन्ह्यात बंदूक सापडली, की पोलीस त्या नंबरवरून कंपनी, कंपनीवरून दुकान आणि दुकानावरून पहिला खरेदीदार शोधतात. सगळा तपास त्या एका नंबरावर.

किटवाल्यांनी शोधलेला फंडा सिंपल होता. पिस्तुलाचा मुख्य सांगाडा थोडासा अपुरा ठेवायचा, बाकीचे भाग सोबत द्यायचे आणि म्हणायचं, ही बंदूक नाहीच, हे तर सुटे भाग! मग नंबर नाही, तपासणी नाही, काही नाही. एका किटचं नावच होतं ‘बाय बिल्ड शूट’. घ्या, जोडा, झाडा. नाव ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक काय घेतंय हे चांगलं ठाऊक होतं, म्हणजे कोर्टात काय तो गोंधळ!

अशा पिस्तुलांना तिकडे ‘घोस्ट गन’ म्हणतात. भूत यासाठी, की माग लागत नाही. २०१७ मध्ये पोलिसांनी माग काढायला पाठवलेल्या अशा बंदुका साधारण १,६०० होत्या. २०२१ मध्ये १९,००० च्या वर. त्यातल्या जवळपास सगळ्यांचा तपास पहिल्याच पायरीवर अडकला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथल्या शाळेत १६ वर्षांच्या मुलाने दोन विद्यार्थ्यांना मारलं, ते पिस्तूलही किटमधूनच जोडलेलं होतं. त्या वयात दुकानातून पिस्तूल मिळत नाही.

२०२२ मध्ये बायडन सरकारने नियम केला, की सहज जोडता येणारं किट म्हणजे बंदूकच. किटवाले कोर्टात गेले. २६ मार्च २०२५ ला निकाल लागला, ७ विरुद्ध २. निकाल लिहिला ट्रम्प यांनी नेमलेल्या नील गोरसच यांनी. त्यांनी उदाहरण दिलं आयकियाचं. मित्र म्हणतो, काल टेबल घेतलं. जोडायला अजून काही तास लागणार असतात, तरी तो ‘टेबल’च म्हणतो ना? आणि इथे तर किट आधी कधी न पाहिलेल्या माणसाने यूट्यूब बघून, साध्या हत्यारांनी २१ मिनिटांत पिस्तूल उभं केलं होतं. २१ मिनिटं! आपलं पिझ्झा डिलिव्हरीचं टेन्शन याहून जास्त चालतं. (अलिटो विरोधात गेले, बरं का. सोबत क्लॅरन्स थॉमस.)

आपल्याकडे असा युक्तिवाद उभाच राहिला नसता. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. बेकायदा बनवणाऱ्याची शिक्षा २०१९ मध्ये थेट जन्मठेपेपर्यंत नेली. तरी पेपरात ‘गावठी कट्ट्यासह तरुणास अटक’ ही बातमी काही थांबत नाही. कारण कट्टेवाल्याला व्याख्येशी देणंघेणंच नाही. त्याला ना वेबसाइट, ना बिलबुक. अमेरिकेतले किटवाले मात्र रीतसर कंपन्या काढून, कार्डावर पैसे घेऊन माल पाठवत होते. म्हणून मला तिथे व्याख्येवर भांडणं फुकटचं वाटत नाही. जो बिल फाडतो, त्याला नंबर घालायला लावता येतं.

अर्थात कोर्टाने सगळीच किटं एका फटक्यात आत घेतलेली नाहीत. काही नक्की बंदुका आहेत, म्हणून नियम रद्द होत नाही, इतकंच म्हटलंय. सांगाडा अजून थोडा अपुरा ठेवला तर? त्यावर वेगळी केस होऊ शकते. शिवाय विकायचं नसेल, तर स्वतःपुरतं पिस्तूल घरी बनवायला तिथल्या केंद्रीय कायद्याची आजही साधारण आडकाठी नाही. काही राज्यं जास्त कडक आहेत. आपली अर्धी मित्रमंडळी जिथे ऑनसाइटला जाऊन बसलीत, त्या न्यू जर्सीने तर अशा किटवर २०१८ मध्येच बंदी आणली होती.