डायलिसिसचे पाणी : यंत्राचेही निदान हवे

डायलिसिसच्या एका सत्रात साधारण 120 लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहते. मध्ये असतो तो फक्त एक पातळ पडदा. पाण्यातले नको ते क्षार रक्तात उतरले, तर ते बाहेर टाकायला या रुग्णाची मूत्रपिंडे समर्थ नसतात. म्हणून पाणी शुद्ध करणारी खोली हाही उपचाराचाच भाग आहे.

या खोलीतला सॉफ्टनर आयन-विनिमयाच्या तत्त्वावर चालतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची क्षमता संपली, की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा ताजे करतात. सॉफ्टनर निकामी होऊन जड पाणी रुग्णांपर्यंत पोहोचले, तर मळमळ, उलट्या, डोकेदुखी, अशक्तपणा आणि वाढलेला रक्तदाब असा त्रास होतो. वैद्यकीय साहित्यात त्याचे वर्णन 1967 सालीच झाले आहे.

आता सॉफ्टनरच्या पुढे आरओ असते. सॉफ्टनरची चूक ते काही काळ पोटात घालते. मग त्याच्या पडद्यावर क्षारांचे थर बसतात आणि महागडा पडदा वाया जातो. म्हणजे दोष लपतो, नाहीसा होत नाही.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जडपणा वाढला, की 'रेझिन बदला' असा सल्ला लगेच मिळतो. ताप दिसताच प्रतिजैविक सुरू करण्यासारखेच हे आहे. आधी साधे प्रश्न विचारावेत. टाकीत मीठ आहे का? वर मिठाची कडक पापडी धरून खाली पोकळी तर झाली नाही? रेझिन ताजे करताना टाकीतील मिठाच्या पाण्याची पातळी खाली जाते का? वीज गेल्यामुळे टायमरचे घड्याळ चुकले का? ते चुकले, तर मध्यरात्रीचे काम भर दिवसा, रुग्ण यंत्राला जोडलेले असताना सुरू होऊ शकते.

शिवाय पाणी कुठून येते, हेही पाहावे. उन्हाळ्यात नळाचे पाणी आटले, की टँकर किंवा बोअरचे येते. जडपणा दुप्पट झाला, तर तेच रेझिन निम्म्याच पाण्याला पुरते. तिथे रेझिन बदलून काय साधणार? हे सगळे ठीक असूनही क्षमता महिनोन्‌महिने हळूहळू घटत असेल, तर मात्र रेझिनवर संशय घ्यावा. मण्यांवर लोह बसलेले असते, क्लोरीनने ते खराब झालेले असतात किंवा धुण्यात वाहून गेलेले असतात.

हे ओळखायचे तर नोंदी हव्यात : येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा जडपणा, आणि दोन फेऱ्यांमध्ये शुद्ध झालेले पाणी. तपासणी दिवसाचे काम संपताना करावी. रात्री ताजे झालेले रेझिन सकाळी चांगलाच निकाल देणार. थकवा संध्याकाळीच कळतो.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला आणि ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले. किती यंत्रे बसवली, हे सांगितले जाते. पाण्याच्या खोलीची जबाबदारी कोणाची, हेही प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर नावानिशी लिहिलेले असावे. देखभालीच्या करारात रोजची नोंद सक्तीची करावी. आणि एकाच पाळीत दोन-तीन रुग्णांना मळमळ, डोकेदुखी सुरू झाली, तर त्यांच्यावर उपचार करतानाच कोणीतरी धावत त्या खोलीकडे गेले पाहिजे.