घरकर्जाची शहरी फूटपट्टी

धानाची चुरणी आटोपली, की भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावांत घराचा विषय निघतो. मातीची भिंत खचलेली असते, कवेलू फुटलेले असतात. पावसाळ्यापूर्वी चार पक्क्या भिंती उभ्या राहाव्यात, एवढीच अपेक्षा. अशा कुटुंबास शासन स्वस्त व्याजाचे कर्ज मिळवून देते, असे कागदोपत्री सांगितले जाते. त्या कागदाचे मोल तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

केंद्र शासनाने शहरांसाठी २०१५ पासून व्याज-अनुदानाची योजना राबविली. २०१७ मध्ये तीत मध्यमवर्गाचाही समावेश झाला. वर्षाला १८ लाख रुपये मिळविणाऱ्या शहरवासीयास १२ लाखांच्या कर्जावर तीन टक्के सूट, म्हणजे एकरकमी सुमारे २ लाख ३० हजार रुपये मिळू लागले. त्याच वर्षी ग्रामीण भागासाठी जी योजना मंजूर झाली, तीतही सूट तीन टक्केच होती. पण ती केवळ २ लाखांच्या कर्जावर. तिचे आजचे मोल भरते सुमारे ३८ हजार रुपये. शहरांसाठी २०२४ मध्ये नवी योजना आली, तीत १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. ज्याचे उत्पन्न अधिक त्याला साहाय्य अधिक, हा न्याय कोणत्या समतेत बसतो?

परंतु रकमेपेक्षाही मोठी अडचण बँकेच्या दारात आहे. बँक तीन गोष्टी मागते: पगाराचा दाखला, मालकीचा कागद आणि दरमहा हप्ता. धान पिकविणाऱ्यास यांतील एकही देता येत नाही. त्याचे उत्पन्न वर्षातून एकदा, धान विकल्यावर हाती येते. त्याचे घर गावठाणात असते आणि त्याच्याजवळ असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणांचे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, हे स्वागतार्ह आहे. मात्र पत्रिका हाती आली म्हणजे पत आली, असे नाही. ज्या घराला गावाबाहेरचा गिऱ्हाईक नाही, त्या घराचे तारण बँकेच्या लेखी फोलच ठरते.

मग उरते ते घरकुल. पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी २०१६ साली १ लाख २० हजार रुपये ठरले. सिमेंट, सळई, रेती आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली, तरी २०२४ मध्ये योजनेचा नवा टप्पा मंजूर करताना केंद्राने तीच रक्कम कायम ठेवली. लाभार्थ्यास ७० हजारांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, असे योजनेत म्हटले आहे. पण ते देण्याची सक्ती बँकेवर नाही. परिणामी भिंती छपरापर्यंत येतात आणि काम थांबते. छपरासाठी सावकार गाठावा लागतो. शासनाने घर दिले आणि सावकाराने कर्ज, असा हा विचित्र संसार आहे.

पिकाच्या कर्जाखाली वाकलेल्या शेतकऱ्यावर आणखी एक बोजा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. २००२ च्या कर्जवसुली कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, पण गहाण पडलेल्या घराला ते संरक्षण नाही. म्हणूनच केवळ ‘कर्ज सुलभ करा’ म्हणणे पुरेसे नाही. कर्जाची जोखीम कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

ती शासनाने घ्यावी. लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या घरकर्जास तारणाऐवजी राज्याची हमी असावी. हप्ता धानाच्या हंगामाशी जोडलेला, वर्षातून एकदाच असावा. पीक बुडालेल्या वर्षी तो आपोआप पुढे जावा. व्याजाचा दर चार टक्क्यांहून अधिक नसावा. हा दर नवा नाही. १९७२ च्या विभेदक व्याजदर योजनेने दुर्बलांसाठी तोच ठरविला होता. मिळकत पत्रिकेवर पत्नीचेही नाव असावे.

१९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते खेड्यातला पैसा शहरात नेण्यासाठी नव्हे. आसगावच्या शेतकऱ्याची ठेव बँकेला चालते. मग त्याच्या घराला कर्ज का चालू नये, याचे उत्तर बँकांनी आणि शासनाने दिले पाहिजे.