सात पोरं, एक खोली आणि सात वर्षांचा करार

'बीटीएस'चे सातही जण आता मोकळे झालेत. डिसेंबर २०२२ मध्ये जिन सर्वांत आधी सैन्यात भरती झाला आणि जून २०२५ मध्ये शुगाची पर्यायी सेवा संपली. अडीच वर्षांची ती वाट एकदाची सरली, तेव्हा आपल्याकडच्या 'आर्मी'नेही (म्हणजे त्यांच्या फॅन्सनी) स्टेटसवर जांभळी हार्टं टाकून जल्लोष केला. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. बीटीएसची कंपनी 'हाइब' हिनं मुंबईत आपला कारभार सुरू केला. इथलेच कलाकार शोधायचे, त्यांना कोरियन पद्धतीचं ट्रेनिंग द्यायचं आणि जगासमोर आणायचं, असा त्यांचा इरादा आहे.

म्हणजे आजवर आपण मोबाइलवर जे पाहत होतो, ते आता आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी घरात घडू शकतं. उद्या नाशिकची एखादी मुलगी किंवा कोल्हापूरचा एखादा मुलगा ऑडिशनला जाईल, सिलेक्ट होईल आणि समोर एक जाडजूड करार येईल. त्याच्यासाठी बीटीएसच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट आपण पुन्हा एकदा, जरा वेगळ्या बाजूनं वाचायला हवी.

फॅन्सना पाठ असलेली गोष्ट अशी : छोटी कंपनी, एकाच खोलीत कोंबलेली सात पोरं, रात्र-रात्र प्रॅक्टिस, कुणी विचारत नव्हतं आणि मग जग जिंकलं. ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट कागदांची आहे. मेहनत तर सगळेच ट्रेनी करतात. मेहनतीचं पुढे काय होतं, हे बरंचसं त्या कागदांवर ठरतं.

पोरं गोळा कशी झाली?

२०१० चा सुमार. सोलमध्ये 'एसएम', 'वायजी' आणि 'जेवायपी' या तीन बड्या कंपन्यांचं राज्य होतं. जेवायपीसाठी गाणी करणाऱ्या बांग शी-ह्योक या संगीतकारानं २००५ मध्ये 'बिग हिट' नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली होती. त्याच्यापर्यंत इल्सानच्या एका शाळकरी रॅपरचा आवाज पोहोचला. तो किम नामजून, म्हणजे आजचा आरएम. या पोराभोवती एक हिप-हॉप ग्रुप उभा करायचा, असं ठरलं.

मग एकेक जण येत गेला. डेगू शहरात स्वतः बीट्स बनवणारा शुगा ऑडिशनमधून आला. ग्वांगजूचा जे-होप रस्त्यावरच्या डान्स बॅटल गाजवत होता. जिन अभिनय शिकत होता. त्याला कॉलेजच्या वाटेवर कंपनीच्या माणसानं गाठलं. व्ही तर मित्राला सोबत म्हणून ऑडिशनला गेला होता. जंगकूक टीव्हीवरच्या 'सुपरस्टार के' स्पर्धेतून बाहेर पडला, पण त्याच्या मागे सात कंपन्या लागल्या. आरएमचं रॅप आवडलं म्हणून त्यानं यातली सर्वांत लहान कंपनी निवडली. बुसानच्या कलाशाळेत मॉडर्न डान्स शिकणारा जिमिन सर्वांत शेवटी आला.

या यादीत एक गंमत आहे. सातांतला एकही जण खुद्द सोलचा नाही. पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या आपल्यातल्या कित्येकांना हे लगेच कळेल. राजधानीत घर नाही, ओळख नाही, परत जायचं तर गावात काय सांगणार? अशा पोराची मेहनतीची तयारी मोठी असते, आणि घासाघीस करायची ताकद कमी.

मधेच बेत बदलला. नुसता रॅप ग्रुप चालणार नाही, नाचणारा-गाणारा 'आयडॉल' ग्रुपच हवा, असं बांगनं ठरवलं. त्या बदलात आधी निवडलेले कित्येक रॅपर गळाले. ते कुठल्याच पोस्टरवर नाहीत. आपण गोष्ट ऐकतो ती उरलेल्या सातांची.

ट्रेनी म्हणजे नेमका कोण?

कोरियात ट्रेनी हा विद्यार्थी नसतो, कारण तो बहुधा फी भरत नाही. तो नोकरदारही नसतो, कारण त्याला बहुधा पगार नसतो. गाणं-नाच शिकवणं, राहणं-खाणं, कपडे, व्हिडिओ हा सगळा खर्च कंपनी आधी करते. अनेक करारांत ग्रुप कमवायला लागला की पहिली कमाई हा खर्च भागवण्याकडे जाते आणि उरलं तर वाटणी होते. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून 'उचल' घेतो आणि मग हंगामभर ती फेडत राहतो. दोघांच्या कष्टांची तुलना करणं बरोबर नाही, पण हिशेबाची रीत तीच आहे : आधी पैसे, मग माणूस बांधलेला.

शुगा ट्रेनी असताना खर्च भागवायला डिलिव्हरीची कामं करायचा. त्या कामात त्याला अपघात झाला, खांदा दुखावला. तो खांदा पुढे कित्येक वर्षं त्रास देत राहिला. शेवटी २०२० मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. फॅन्स हा किस्सा जिद्दीचा म्हणून सांगतात. जिद्द आहेच. पण पोटासाठी दुसरं काम करावं लागणारा ट्रेनी जखमी झाला तर ती जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही त्यातच आहे.

हा प्रश्न कोरियन सरकारलाही पडला. २०१७ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगानं आठ मोठ्या कंपन्यांना ट्रेनींच्या करारातली अन्याय्य कलमं बदलायला लावली. मुलानं मधेच सोडलं तर कंपनीनं त्याच्यावर केलेल्या खर्चाच्या दोन-तीनपट दंड, अशी कलमं त्यात होती.

सात वर्षं आली कुठून?

१३ जून २०१३ ला बीटीएसनं पदार्पण केलं. तेव्हा जंगकूक १५ वर्षांचा होता. कोरियात अशा करारांची नेहमीची मुदत सात वर्षांची. हा आकडा कुणा कंपनीनं उदारपणे दिलेला नाही. त्यामागे दुसऱ्याच एका बॉय बँडची कोर्टातली लढाई आहे.

'टीव्हीएक्सक्यू' हा पाच जणांचा ग्रुप डिसेंबर २००३ मध्ये आला आणि आशियाभर गाजला. त्यांचा करार होता १३ वर्षांचा. २००९ मध्ये त्यांच्यापैकी तिघे कोर्टात गेले : करार फार लांब आहे, वाटणी अन्यायाची आहे. कोर्टानं त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी स्पर्धा आयोगानं नमुना करार आणला आणि मुदत सात वर्षांवर आली. त्या तिघांना मात्र याची किंमत मोजावी लागली. त्यांनी 'जेवायजे' नावाचा ग्रुप काढला, पण टीव्हीवरच्या संगीताच्या कार्यक्रमांत ते वर्षानुवर्षं जवळपास दिसलेच नाहीत. त्यांच्या कामात अडथळे आणू नका, असं २०१३ मध्ये आयोगाला त्यांच्या जुन्या कंपनीला बजावावं लागलं.

म्हणजे बघा, बीटीएसनं पदार्पण केलं ते या तिघांनी रुंद केलेल्या दारातून.

आणि हे दुखणं फक्त कोरियाचं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोत लू पर्लमन नावाच्या माणसानं 'बॅकस्ट्रीट बॉइज' उभा केला. याचा धंदा विमानं भाड्यानं द्यायचा. एका बॉय बँडकडे त्यासाठी एवढा पैसा येतो कुठून, हे पाहून तो या धंद्यात उतरला. करारात त्यानं स्वतःला बँडचा सहावा मेंबर दाखवलं होतं आणि तो वाटाही घेत होता. मैफली हाउसफुल्ल, रेकॉर्ड्स तुफान खपताहेत आणि आपल्या हातात इतकं कमी कसं, असं पोरांच्या लक्षात आलं तेव्हा १९९८ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. पुढे गुंतवणूकदारांना फसवल्याच्या वेगळ्याच गुन्ह्यात पर्लमनला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो कैदेतच वारला.

मग बीटीएसचं वेगळेपण कशात?

सगळं श्रेय नशिबाला देता येणार नाही. बिग हिटनं एक गोष्ट सुरुवातीपासून केली : पोरांना स्वतःची गाणी लिहू दिली. पहिल्या तीन अल्बममध्ये विषय होते शाळा, क्लासेस, आई-बापांच्या अपेक्षा आणि 'तुझं स्वतःचं स्वप्न तरी काय?' हा प्रश्न. लातूर किंवा कोटाच्या हॉस्टेलवर राहिलेल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. मोठ्या कंपनीत कदाचित हे विषय आधीच कापले गेले असते.

गाणी लिहिण्याचा दुसरा फायदा व्यवहाराचा. ज्याचं नाव गीतकार किंवा संगीतकार म्हणून लागतं, त्याला रॉयल्टी मिळते. नुसतं गाणाऱ्या-नाचणाऱ्यापेक्षा त्याची पुढची बोलणी वेगळी होतात.

तरी रस्ता सरळ नव्हताच. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या क्लबमध्ये त्यांनी फुकट शो केला आणि त्याची पत्रकं स्वतः रस्त्यावर वाटली. टीव्हीच्या संगीत कार्यक्रमात पहिला नंबर मिळायला मे २०१५ उजाडला, म्हणजे पदार्पणानंतर जवळपास दोन वर्षं. २०१८ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' यादीत अव्वल आला. त्याच वर्षाच्या शेवटी भर स्टेजवर जिननं सांगितलं, की वर्षाच्या सुरुवातीला आम्ही ग्रुप मोडायचा विचार करत होतो. जग टाळ्या वाजवत असताना आत हे चाललं होतं.

मग त्यांनी करार वाढवला तो मुदत संपायच्या दीड वर्ष आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, स्वतःचं वजन पुरेपूर असताना. २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा बांगनं सातही जणांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर दिले. चांगलंच केलं. पण ती मालकानं आपल्या हातानं दिलेली भेट होती. तो ट्रेनीच्या करारातला हक्क नव्हता. आणि एवढं सगळं मिळूनही जून २०२२ मध्ये आरएम म्हणाला, की ही सगळी आयडॉल पद्धत माणसाला मोठं व्हायला वेळच देत नाही. सतत काहीतरी काढतच राहावं लागतं.

आता मुंबईत

बॉय बँड आपल्याला नवा नाही. २००१ मध्ये मुंबईतच 'अ बँड ऑफ बॉइज' निघाला होता आणि 'गोरी' गाण्यानं त्यानं धमाल उडवली होती. तेव्हा बँड टिकवणारी यंत्रणा नव्हती. आता यंत्रणाच दाराशी आली आहे. हे चांगलं आहे. ट्रेनिंगचा दर्जा, शिस्त, जगभरचं मार्केट हे सगळं आपल्या पोरांना मिळालं तर कुणाला नको आहे? घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण कोरियात जे नियम भांडून मिळाले, ते त्या यंत्रणेबरोबर आपोआप येत नाहीत. सात वर्षांची नमुना मर्यादा आपल्याकडे नाही.

आपल्या कायद्यात मात्र काही आधार आहेत, ते माहीत असू द्या. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलानं केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून पक्कं आहे. म्हणून कागदावर सही आई-बाबांची घेतली जाते. अशा वेळी दंडाची हमी कुणाच्या गळ्यात पडते, हे सही करण्याआधी पाहायचं. दुसरं, कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून करारानं लिहून घेता येत नाही. म्हणजे गाण्यात तुमच्या चार ओळी असतील तर तुमचं नाव लागलंच पाहिजे, असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरा.

आणि टेबलापलीकडच्या माणसाला हे प्रश्न विचारायला लाजू नका. करार किती वर्षांचा, आणि ती वर्षं सहीपासून मोजायची की पदार्पणापासून? ट्रेनिंगचा खर्च माझ्या नावावर चढणार का, आणि त्याचा हिशेब मला किती दिवसांनी दिसणार? मी मधेच सोडलं तर काय, आणि तुम्ही मला काढलं तर काय? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? माझं स्टेजवरचं नाव कुणाच्या मालकीचं? बारावीची परीक्षा देता येईल का? ज्या कंपनीला खरंच तुम्ही हवे आहात, ती या प्रश्नांवर चिडणार नाही.

शेवटी एक अगदी ताजं उदाहरण. हाइबच्याच छत्राखालच्या 'न्यूजीन्स' या मुलींच्या ग्रुपनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला करार संपल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलच्या कोर्टानं सांगितलं, करार कायम आहे, २०२९ पर्यंत. त्या जगभर प्रसिद्ध होत्या, लाखो फॅन्स पाठीशी होते, तरी सही ती सहीच राहिली. तेव्हा ऑडिशनची तयारी जोरात करा, डान्स स्टेप्स घोटून घ्या. फक्त सिलेक्शनच्या आनंदात त्याच संध्याकाळी सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाला दाखवा, चार दिवस घ्या.